कॉलबॅक, कास्ट आणि कंपायलरच्या खोडी

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ज्या पिढ्या टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर सी शिकल्या, त्यांच्यातल्या अनेकांची कॉलबॅकशी पहिली गाठ 'सेटव्हेक्ट' या फंक्शनपाशी पडली. डॉसच्या काळातल्या पीसीचा टायमर सेकंदाला साधारण १८.२ वेळा इंटरप्ट देई. त्याला आपलं फंक्शन जोडलं की पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ चालवता येई. पण पुस्तकातून जसाच्या तसा उतरवलेला प्रोग्रॅमही टर्बो सी++ ३.० मध्ये पुष्कळदा कंपाइल होत नसे. नवी फाइल आपोआप सीपीपी या शेपटीने उघडे, आणि ती शेपटी दिसली की कंपायलर सी++च्या नियमांनी चालू लागे. सीमध्ये रिकामा कंस म्हणजे 'पॅरामीटर सांगितलेले नाहीत'. सी++मध्ये त्याच रिकाम्या कंसाचा अर्थ 'पॅरामीटर नाहीतच'. सेटव्हेक्टला सी++मध्ये तीन टिंबांचं, म्हणजे कितीही पॅरामीटर घेणारं फंक्शन हवं असे. बोरलँडने आपल्याच हेल्पमधल्या उदाहरणात यावर उतारा दिला होता: एक छोटा मॅक्रो, जो सी++ असेल तर तीन टिंबं होई आणि सी असेल तर नाहीसा होई. मुलं तो मॅक्रो डोळे झाकून उतरवत. कंपायलरची खोड आहे, एवढंच त्यांना सांगितलेलं असे.

कॉलबॅक म्हणजे आपण लिहिलेलं, पण दुसऱ्याने बोलवायचं फंक्शन. आपण फक्त त्याचा पत्ता देतो; कधी आणि कुठून बोलवायचं ते लायब्ररी, ऑपरेटिंग सिस्टिम किंवा हार्डवेअर ठरवतं. नेहमीच्या कॉलमध्ये कंपायलरला दोन्ही टोकं दिसतात, म्हणून तो चूक पकडू शकतो. कॉलबॅकमध्ये त्याच्या हाती फंक्शन पॉइंटरचा टाइप तेवढा असतो. किती पॅरामीटर, कोणत्या प्रकारचे, परत काय द्यायचं, स्टॅक कोणी आवरायचा, हा सगळा करार त्या टाइपमध्ये लिहिलेला असतो. कास्ट लिहून आपण कंपायलरला गप्प केलं की हा करार फाटतो, आणि पुढे जे बिघडतं त्याला आपण कंपायलरची खोड म्हणतो. खोडी म्हणून सांगितल्या जाणाऱ्या बहुतेक गोष्टी आपल्याच कास्टच्या असतात, असं माझं स्पष्ट मत आहे. काही मात्र खरोखरच कंपायलरच्या किंवा लिंकरच्या असतात. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि त्यांची सरमिसळ झाल्यामुळे एका दुखण्याचं औषध दुसऱ्यावर वर्षानुवर्षं दिलं गेलं आहे.

आधी त्या रिकाम्या कंसाचं पुढे काय झालं ते पाहू. १९८९च्या अ‍ॅन्सी सीने प्रोटोटाइप आणले, पण जुना कोड चालावा म्हणून रिकाम्या कंसाचा जुना अर्थही ठेवला. त्यामुळे रिकाम्या कंसाचा फंक्शन पॉइंटर जवळजवळ कोणतंही फंक्शन मुकाट स्वीकारत राहिला. या सोयीत सापळा होता. प्रोटोटाइप नसेल तर कॉल करताना फ्लोटचा डबल होतो; कॉलबॅक फ्लोटची वाट पाहत असेल तर त्याच्या हाती भलतेच बिट पडतात. सी२३ या प्रमाणाने अखेर तो अर्थ रद्द केला आणि रिकाम्या कंसाला सी++चाच अर्थ दिला. २०२५मध्ये आलेली जीसीसी १५ आवृत्ती काही न सांगता सी२३ धरून चालते, आणि दशकांपूर्वीची कितीतरी पॅकेजं तिने नाकारली. त्याआधीच २०२३च्या क्लँग १६ने न जुळणारे फंक्शन पॉइंटर ही एरर ठरवली होती आणि २०२४च्या जीसीसी १४नेही तोच मार्ग धरला. अशा वेळी हाताशी असलेला उतारा म्हणजे कंपायलरला 'सी१७ धर' असं सांगणं. तातडीला तो ठीक आहे, पण तेवढ्यावर थांबू नये. हेडरमध्ये पॅरामीटरचे टाइप लिहायला फार वेळ लागत नाही, आणि ते लिहिताना खऱ्या चुका हाती लागतात.

विंडोजने कॉलबॅकला जेवढे नियम लावले तेवढे क्वचितच कुणी लावले असतील. १६ बिटी विंडोजमध्ये कॉलबॅक 'फार पास्कल' असावा लागे, त्याचं नाव डेफ फाइलच्या एक्स्पोर्टमध्ये नोंदवावं लागे, आणि त्याचा पत्ता थेट न देता 'मेकप्रॉकइन्स्टन्स'मधून काढून द्यावा लागे. हे फंक्शन कोडचा एक चिमुकला तुकडा तयार करी, जो आपल्या प्रोग्रॅमचा डेटा सेगमेंट रजिस्टरमध्ये भरून मग खऱ्या कॉलबॅककडे उडी मारी. एक पायरी चुकली की कॉलबॅक भलत्याच डेटावर लिहू लागे. मायकल गिअरी यांच्या लक्षात आलं की प्रोग्रॅमचा स्टॅक आणि डेटा एकाच सेगमेंटमध्ये असतात, म्हणजे हवी ती किंमत स्टॅक सेगमेंटच्या रजिस्टरमध्ये आधीच हजर आहे. त्यांच्या 'फिक्सडीएस'ने हा सगळा खटाटोप मिटवला आणि पुढे कंपायलरांनीच ती युक्ती उचलली. बोरलँडने तिला 'स्मार्ट कॉलबॅक' म्हटलं. इथे खोड खरोखर यंत्रणेची होती, आणि तिच्यावर इतका नेमका उपाय मला दुसरा माहीत नाही.

३२ बिटी विंडोजमधली अडचण मात्र आपल्या कास्टची. तिथे दोन पद्धती शेजारी नांदत होत्या. सीडेक्लमध्ये पॅरामीटरनी व्यापलेला स्टॅक बोलावणारा आवरतो, स्टडकॉलमध्ये बोलावलेलं फंक्शन आवरतं. विंडोजला स्टडकॉल हवा असतो, तर सी कंपायलर न सांगता सीडेक्ल धरतो. समजा, एका डीएलएलला दोन पूर्णांक घेणारा स्टडकॉल कॉलबॅक हवा आहे. आपण साधं फंक्शन लिहिलं. कंपायलरने टाइप जुळत नाही म्हणून हटकलं. आपण कास्ट लिहिला आणि एरर गेली. आता डीएलएलने चार-चार बाइटचे दोन पॅरामीटर स्टॅकवर ठेवले आणि कॉल केला. आपलं फंक्शन सीडेक्ल असल्याने ते आठ बाइट न आवरता परतलं. डीएलएलला वाटतं स्टॅक आवरला गेला आहे. म्हणजे तिचा स्टॅक पॉइंटर आठ बाइटने चुकला.

मग गंमत अशी की पुष्कळदा लगेच काहीच होत नाही. बोलावणारं फंक्शन आपले लोकल व्हेरिएबल ईबीपी रजिस्टरच्या आधाराने वाचत असेल आणि परतताना स्टॅक पॉइंटर ईबीपीवरूनच पूर्ववत करत असेल, तर चूक पोटात घातली जाते. ऑप्टिमायझर चालू केला की तो ईबीपी दुसऱ्या कामाला लावतो आणि लोकल व्हेरिएबल थेट स्टॅक पॉइंटरपासून मोजतो. त्या क्षणी प्रत्येक व्हेरिएबल आठ बाइट बाजूचं वाचलं जातं. 'डीबग बिल्ड चालतो, रिलीज बिल्ड कोसळतो' या तक्रारीमागे हेच एक जुनं कारण आहे. व्हिज्युअल सी++मध्ये रनटाइम तपासणी चालू असेल, तर कॉलनंतर ईएसपी जागेवर नाही असा इशारा मिळतो. तो पाहून संवाद-खिडकी बंद करणारे पुष्कळ. खरा उपाय एका शब्दाचा आहे: फंक्शनच्या घोषणेत 'कॉलबॅक' हा विंडोजचा मॅक्रो लिहायचा आणि कास्ट काढून टाकायचा. ६४ बिटी विंडोजवर सर्वसाधारण कामाला एकच पद्धत आहे, तिथे हे शब्द लिहिले तरी दुर्लक्षित होतात. त्यामुळे आज लिहिलेला चुकीचा कोड चालून जातो आणि कुणी ३२ बिटी बिल्ड काढला की उघडा पडतो.

सी++ आलं आणि लोक क्लासचं मेंबर फंक्शन कॉलबॅक म्हणून देऊ पाहू लागले. ते जमत नाही, कारण मेंबर फंक्शनला 'धिस' नावाचा छुपा पॅरामीटर असतो आणि सीच्या लायब्ररीला तो ठाऊक नसतो. यावर कास्टने मात करण्याचे जे प्रयोग झाले ते वाचवत नाहीत. मेंबर फंक्शनचा पॉइंटर हा मुळात साधा पत्ताच नाही. ३२ बिटी व्हिज्युअल सी++मध्ये त्याचा आकार क्लासच्या वारशानुसार ४, ८, १२ किंवा १६ बाइट होतो. त्यातही क्लासची नुसती आगाऊ घोषणा असेल तर कंपायलर सर्वांत मोठा आकार धरतो, म्हणजे एकाच प्रोग्रॅममधल्या दोन फाइली एकाच पॉइंटरचे दोन आकार मानू शकतात. ही मात्र अस्सल खोड, आणि तिच्यासाठी सगळीकडे सर्वसाधारण आकार धरायला लावणारा वेगळा स्विच आहे. डॉन क्लगस्टन यांनी २००४मध्ये वेगवेगळ्या कंपायलरांतल्या या पॉइंटरांची चिरफाड करणारा दीर्घ लेख लिहिला. तो अजून वाचावा असा आहे. बोरलँडने वेगळी वाट काढली होती. डेल्फीत कोड आणि ऑब्जेक्ट असे दोन पत्ते एकत्र बाळगणारा मेथड पॉइंटर होता, आणि सी++बिल्डरमध्ये त्यासाठी 'क्लोजर' हा खास शब्द आला. सुरेख सोय, पण त्या एकाच कंपायलरपुरती.

सगळीकडे चालणारा उपाय जुनाच आहे: एक स्टॅटिक फंक्शन, त्याला व्हॉइड पॉइंटरमधून ऑब्जेक्टचा पत्ता, आणि आत एका ओळीत मेंबरचा कॉल. सी++११च्या लॅम्डाने हेच थोडक्यात लिहिता येऊ लागलं, कारण बाहेरचं काही न पकडणारा लॅम्डा आपोआप साध्या फंक्शन पॉइंटरमध्ये बदलतो. व्हिज्युअल सी++ २०१०मध्ये हे रूपांतर नव्हतं. २०१२मध्ये आलं, आणि तेही प्रत्येक कॉलिंग पद्धतीसाठी एक असं. त्यामुळे विंडोजच्या फंक्शनला लॅम्डा बिनतक्रार देता येतो. पण लॅम्डापुढे अधिकचं चिन्ह लावून पॉइंटर काढण्याची जी युक्ती इतरत्र चालते, ती ३२ बिटी व्हिज्युअल सी++मध्ये 'यातला नेमका कोणता?' या प्रश्नावर अडते. तिथे टाइप स्पष्ट लिहावा.

ज्या लायब्ररीने कॉलबॅकसोबत व्हॉइड पॉइंटर ठेवलाच नाही, तिथे खरी पंचाईत होते. सीचा क्यूसॉर्ट हे ठळक उदाहरण. तुलना करणाऱ्या फंक्शनला 'कोणत्या रकान्यावर लावायचं' हे सांगायला जागाच नाही, म्हणून लोक ग्लोबल व्हेरिएबल वापरतात आणि दोन थ्रेड एकदम आले की हात पोळून घेतात. ही उणीव भरायला क्यूसॉर्ट-आर आला, पण बीएसडीने जादा पॅरामीटर तुलनेच्या फंक्शनआधी ठेवला आणि जीएनयूने शेवटी. कॉलबॅकच्या आतही तसंच: एकाकडे तो पहिला, दुसऱ्याकडे तिसरा. सगळे पॉइंटरच असल्याने क्रम चुकला तर जुने कंपायलर फार तर वॉर्निंग देत, आणि प्रोग्रॅम डेटाला कोड समजून तिथे उडी मारी. मायक्रोसॉफ्टच्या क्यूसॉर्ट-एसचा क्रम या दोघांहूनही निराळा. पॉझिक्सच्या २०२४च्या आवृत्तीने जीएनयूचा क्रम प्रमाण मानला आणि फ्रीबीएसडीने १४व्या आवृत्तीत आपला क्रम बदलला. तोवर असंख्य प्रकल्पांच्या कॉन्फिगर स्क्रिप्टांनी 'इथे कोणता क्रम?' हे तपासण्यात आयुष्य घालवलं.

जीसीसीची फंक्शनच्या आत फंक्शन लिहू देण्याची सोय याच अडचणीवरची. आतल्या फंक्शनला बाहेरचे लोकल व्हेरिएबल दिसतात, तरी त्याचा पत्ता साधा फंक्शन पॉइंटर म्हणून देता येतो. हे साधायला जीसीसी चालू प्रोग्रॅमच्या स्टॅकवर कोडचा तुकडा लिहितो, ज्याला ट्रॅम्पोलिन म्हणतात. थॉमस ब्रॉइअल यांनी १९८८मध्ये हे तंत्र मांडलं होतं. त्यासाठी स्टॅकवरचा कोड चालू देणं भाग पडतं, आणि हल्लेखोरांना नेमकं तेच हवं असतं. हा दरवाजा आता बंद होत आला आहे. जीसीसी १४मध्ये काही प्लॅटफॉर्मवर ट्रॅम्पोलिन हीपवर ठेवण्याचा पर्याय आहे, आणि जीलिबसी २.४१पासून नंतर लोड होणाऱ्या लायब्ररीच्या हट्टापायी स्टॅक चालवण्याजोगा केला जात नाही. नव्या कोडमध्ये ही सोय वापरू नये, हे मी ठामपणे सांगेन.

छोट्या मायक्रोकंट्रोलरांवर चित्र पालटतं. तिथे अडवणूक खरोखर कंपायलरची असते, आणि तीही सकारण. मुंबई-पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांना ८०५१ परिचयाचा आहे. त्याची अंतर्गत रॅम १२८ बाइट, आणि स्टॅकही तिच्यातच. एवढ्याशा जागेत लोकल व्हेरिएबल स्टॅकवर ठेवणं परवडत नाही, म्हणून काइलचा सी५१ कंपायलर त्यांना ठरावीक पत्ते देतो. मग लिंकर कोण कोणाला बोलावतं याचं झाड काढतो, आणि जी दोन फंक्शनं कधीच एकदम चालू नसतात त्यांचे व्हेरिएबल एकाच जागी बसवतो. जागा वाचवण्याची ही पद्धत अतिशय हुशार आहे, पण फंक्शन पॉइंटर आला की तिची गणितं चुकतात.

समजा, 'मेन'मध्ये आपण 'बटण दाबलं' या कॉलबॅकचा पत्ता घेतला आणि 'कीपॅड तपास' या फंक्शनला दिला. प्रत्यक्षात कॉलबॅक बोलावणार आहे कीपॅडचं फंक्शन. लिंकरला मात्र पत्ता मेनमध्ये घेतलेला दिसतो, म्हणून तो झाडात कॉलबॅक मेनच्या खाली टांगतो. त्याच्या दृष्टीने कीपॅडचं फंक्शन आणि कॉलबॅक ही सख्खी भावंडं, कधीच एकदम न चालणारी. तो दोघांचे व्हेरिएबल एकावर एक बसवतो. कीपॅडचं लूप तिसऱ्या फेरीत कॉलबॅक बोलावतं, कॉलबॅक आपल्या लोकलमध्ये शून्य लिहितो, आणि परत आल्यावर लूपचा काउंटर शून्य झालेला असतो. शोध घ्यायला मध्ये एखादी प्रिंट टाकली तर झाडाचा आकार बदलतो आणि चूक दिसेनाशी होते. विद्यार्थी मग हार्डवेअरला दोष देतो. यावर लिंकरला 'ओव्हरले'च्या सूचनेतून सांगावं लागतं: मेन आणि कॉलबॅक यांचा संबंध तोड, कीपॅड आणि कॉलबॅक यांचा जोड. शिवाय अशा कॉलबॅकचे पॅरामीटर रजिस्टरमध्ये मावतील एवढेच ठेवावे लागतात. अधिक हवे असतील तर फंक्शन 'रीएन्ट्रंट' घोषित करायचं आणि त्याचा संथपणा सोसायचा. ८०५१वर कॉलबॅकऐवजी साधा स्विच लिहिणं अनेकदा शहाणपणाचं, असं मी म्हणेन.

मोठ्या चिपवर वेगळे प्रकार. एसटीएम३२मध्ये प्रत्येक इंटरप्टला एक 'वीक' म्हणजे दुबळं फंक्शन आधीच दिलेलं असतं. त्याच नावाचं आपलं लिहिलं की ते बाजूला होतं. पण आपली फाइल सी++ची असेल आणि 'एक्स्टर्न सी' लिहायचं राहिलं, तर कंपायलर नावाला आपली शेपटं जोडतो आणि लिंकरला ते नवंच फंक्शन वाटतं. एरर नाही, वॉर्निंग नाही. पहिल्या इंटरप्टला चिप दुबळ्या फंक्शनच्या अनंत लूपमध्ये अडकते. कॉलबॅक येतच नाही असं दिसलं की प्रथम मॅप फाइलमध्ये नाव पाहावं.

आता कास्टकडे परत येऊ, कारण गेल्या दशकात त्याची किंमत वाढली आहे. एक पॅरामीटर घेणारं फंक्शन दोन पॅरामीटरच्या पॉइंटरमधून बोलवायचं, जादा पॅरामीटर रजिस्टरमध्ये पडून राहील, या भरवशावर युनिक्सच्या जगात अमाप कोड चालला. सीच्या प्रमाणानुसार त्याचं वर्तन अनिश्चित आहे, पण प्रोसेसर तक्रार करत नव्हता. वेबअसेंब्लीने ती केली. तिथे पॉइंटरमधून होणारा प्रत्येक कॉल चालू असताना टाइप तपासतो आणि जुळला नाही तर प्रोग्रॅम जागीच थांबवतो. पायथॉनच्या सीमधल्या गाभ्यात अशी फंक्शनं बरीच होती. २०१८च्या जीसीसी ८ने अशा कास्टवर वॉर्निंग द्यायला सुरुवात केली तेव्हा पायथॉनमध्ये साफसफाई झाली. तरी ब्राउझरमध्ये पायथॉन चालवणाऱ्या पायोडाइडला बाहेरच्या एक्स्टेन्शनांसाठी मध्यस्थ कोड घालावा लागला. एमस्क्रिप्टनमध्ये अशा कास्टची नक्कल करणारा पर्याय आहे, पण वेग आणि जागेत तो महाग पडतो.

दुसरी सक्ती सुरक्षेची. हल्लेखोर फंक्शन पॉइंटर बदलून नियंत्रण घेतात, म्हणून क्लँगची सीएफआय तपासणी प्रत्येक अप्रत्यक्ष कॉलआधी टाइप पडताळते. लिनक्स कर्नलचे टायमर कॉलबॅक पूर्वी अनसाइन्ड लाँग घेत आणि सगळे त्यात पॉइंटर कोंबत. ४.१५ आवृत्तीपर्यंत कर्नलभरचे टायमर बदलले गेले; आता कॉलबॅकला टायमरचाच पॉइंटर मिळतो आणि त्यावरून बाहेरचं स्ट्रक्चर शोधता येतं. २०१८च्या पिक्सेल ३ फोनमध्ये कर्नलसाठी ही तपासणी चालू झाली. पुण्याच्या आसपास वाहनांच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांना हे नवं वाटणार नाही. मिस्रा सीचा ११.१ हा नियम फंक्शन पॉइंटर आणि इतर टाइप यांच्यातलं रूपांतर पूर्वीपासून मना करतो. त्या नियमाला कटकट म्हणणाऱ्यांनी वेबअसेंब्लीचा अनुभव लक्षात घ्यावा.

ऑप्टिमायझरबद्दल थोडक्यात. इंटरप्टमधून बदलणारा फ्लॅग 'व्होलाटाइल' नसेल तर लूप कायमचं फिरू शकतं; यात कंपायलरचा दोष नाही. सारख्याच मजकुराची दोन फंक्शनं लिंकर एक करून टाकतो आणि मग 'हा कॉलबॅक तो नव्हे' ही पत्त्यांची तुलना चुकते. हा मात्र प्रमाणभंग आहे. व्हिज्युअल सी++चे रिलीज बिल्ड तो सर्रास करतात, म्हणून पत्त्याऐवजी वेगळा ओळखक्रमांक तपासावा. आणि पायथॉनच्या सीटाइप्समधून कॉलबॅक देत असाल तर तो ऑब्जेक्ट व्हेरिएबलमध्ये जपून ठेवा, नाहीतर कचरा उचलणारा तो घेऊन जाईल आणि सीच्या हाती मेलेला पत्ता राहील.

ज्यांच्या हाती जुना कोड आहे त्यांनी फंक्शन कास्टची वॉर्निंग चालू करून एकदा बिल्ड काढावा. जिथे कास्ट सापडेल तिथे नेमक्या टाइपचं दोन ओळींचं फंक्शन लिहावं आणि आत मूळ फंक्शन बोलवावं. ऑप्टिमायझर चालू असेल तर या जादा पायरीचा खर्च नगण्य असतो. आणि सी शिकवणाऱ्यांना एक विनंती आहे: प्रयोगशाळेत क्यूसॉर्ट करून घेताना कॉन्स्ट व्हॉइड पॉइंटर घेणारंच फंक्शन लिहायला लावा, आणि कास्ट करून चालवलेल्या प्रोग्रॅमचं उत्तर बरोबर आलं तरी तो परत लिहून आणायला सांगा.